प्रयोगशाळेत वाचलेले हृदय

रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून पाच मिनिटे फुगवायचा, पाच मिनिटे सोडायचा. असे चार वेळा. हृदयविकाराच्या झटक्यात एवढ्याने हृदयाचे स्नायू वाचतील, ही आशा संशोधकांनी वर्षानुवर्षे बाळगली. तिला आधारही होता. १९८६ मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी ४० मिनिटे बंद ठेवली. त्याआधी तीच वाहिनी चार वेळा पाच-पाच मिनिटे बंद केलेल्या कुत्र्यांत मृत स्नायूचे प्रमाण चौथ्या हिश्शावर आले. पुढे हाच ‘सराव’ हातापायाला दिला तरी हृदयाला लाभतो, असे दिसले.

माणसात मात्र गणित बिघडले. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या युरोपातील चाचणीत ५,४०१ रुग्ण होते. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण पट्टा फुगवलेल्यांत ९.४ टक्के, इतरांत ८.६ टक्के, म्हणजे फायदा शून्य. सायक्लोस्पोरिन या औषधाचेही तेच. २००८ मध्ये ५८ रुग्णांत ते आश्वासक वाटले, २०१५ मध्ये ९७० रुग्णांत निष्प्रभ ठरले.

असे का व्हावे? प्रयोगातले प्राणी बहुधा तरुण आणि धडधाकट. रुग्णालयात येतो तो साठीचा, मधुमेही, आधीच चार गोळ्या घेणारा माणूस. शिवाय युरोपातील त्या रुग्णांची अँजिओप्लास्टी इतकी वेळेत झाली, की वाचवायला फारसे उरलेच नसावे. तेव्हा वयस्क, मधुमेही प्राण्यांवर आणि एकाहून अधिक प्रयोगशाळांत उपाय टिकल्याखेरीज तो रुग्णापर्यंत नेऊ नये. असे प्रयोग खर्चिक असतात, हे खरे. पण हजारो रुग्णांची फसलेली चाचणी काही स्वस्त नसते.

आणि उशिरा पोहोचणाऱ्यांचे काय? भारतातील २०,४६८ रुग्णांच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत निम्म्या रुग्णांना रुग्णालय गाठायला सहा तास किंवा त्याहून अधिक लागले होते. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणत सोडा पिऊन वाट पाहणारे आपल्या घरोघरी आहेत. हृदयरक्षणाच्या नव्या उपायांची खरी परीक्षा अशा रुग्णांवर व्हायला हवी, आणि ती आपल्याच रुग्णालयांत, आपल्याच संशोधन निधीतून होऊ शकते. तोवर छातीत दुखू लागताच १०८ ला फोन करावा. लवकर उघडलेली रक्तवाहिनी हृदय वाचवते, याला पुरावा भरपूर आहे.