वेग देतांना थरथरणारी मोटार

कोल्हापुरांतील एका सुविद्य गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. घरांत मोटार एक आणि ती चालविणारे चौघे. पंचगंगेचा पूल ओलांडून वाघबिळापर्यंत ती निमूटपणें जाते. पन्हाळ्याचा चढ लागून वेग देऊं लागलें, कीं सर्वांगीं कांपूं लागते. पाय उचलतांच पुन्हां शांत. वडील बंधू म्हणतात इंजिन गेलें, पुतणे म्हणतात चाकें बिघडलीं, आणि मेस्त्रींनीं प्लग, कॉइल, क्लच, इंजिनाचीं माउंटिंगें व दोन्ही ॲक्सल अशी यादी लिहून दिली आहे. पुढील महिन्यांत वृद्ध मातोश्रींना घेऊन आंबा घाटानें रत्नागिरीस जावयाचें आहे. तेव्हां यादीबरहुकूम सर्व बदलावें, कीं मोटारच विकून टाकावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या मतें दोन्ही करूं नये. ज्या नगरींत उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत इंजिनांचे सुटे भाग ओतले आणि कांतले जातात, तेथें कुशल हातांची वाण नाहीं. परंतु ‘गाडी थरथरते’ एवढेंच सांगून आपण किल्ली टाकून आलों, तर मेस्त्रींनीं तरी यादीवांचून काय द्यावें? वैद्य ताप केव्हां चढतो व केव्हां उतरतो हें विचारतो. मोटारीच्या कंपाचीही तशीच चौकशी प्रथम घरींच झाली पाहिजे.

कंप केवळ वेगावर अवलंबून असेल, म्हणजे ताशीं ८० किलोमीटरच्या पुढें सपाट रस्त्यावर येत असेल आणि पाय उचलूनही राहत असेल, तर चाकांचें बॅलन्सिंग व टायर पाहावेत. प्रस्तुत मोटार संथ चढावर कांपते, म्हणून पुतण्यांचें म्हणणें येथें लागू पडत नाहीं. कंप फक्त जागेवरून निघतांना, पहिल्या गियरांत क्लच सोडतांना येत असेल, तर दोष बहुधा क्लच प्लेटेचा. ती लवकर झिजण्याचें एक कारण म्हणजे क्लचवर पाय ठेवूनच गाडी हांकण्याची संवय. चौघांपैकीं ही संवय कोणाची, हा प्रश्न मात्र एकत्र कुटुंबांत जरा जपूनच विचारावा! शिवाय चौथ्या गियरांत घाट चढविल्यास निर्दोष मोटारही कुरकुरेल. तो दोष चालविणाराचा.

उरले दोन संशयित: इंजिन आणि त्याचा जोर चाकांपर्यंत नेणारा ॲक्सल. त्यांचा निवाडा करण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. एकाच चढावर ताशीं सुमारें ४० किलोमीटरचा वेग राखून गाडी आधीं तिसऱ्या व मग दुसऱ्या गियरांत न्यावी. चाकांचा वेग तोच राहतो, इंजिनाचे फेरे मात्र वाढतात. कंपाची लय बदलली किंवा कंप नाहींसा झाला, तर संशय इंजिनावर; लय तीच राहिली, तर ॲक्सलवर.

वडील बंधूंच्या तरुणपणीं ॲम्बॅसडर व पद्मिनी यांचा जोर लांब दांड्यानें मागील चाकांस जाई. १९८३ मध्यें मारुती ८०० आली, आणि लहान मोटारींत पुढच्या चाकांनींच गाडी ओढण्याची पद्धत आपल्याकडे रुळली. अशा मोटारींत प्रत्येक पुढच्या चाकाकडे एक आंखूड ॲक्सल जातो व त्याच्या दोन्ही टोकांस सांधे असतात. सांध्यावर ग्रीस भरलेली रबरी पिशवी असते. गॅरेजांत तिला बूट म्हणतात. बूट फाटला कीं ग्रीस बाहेर उडतें, आंत धूळ व पाणी शिरतें आणि सांधा झिजतो. बाहेरील सांधा झिजल्यास स्टिअरिंग पुरतें वळवितांना कटकट ऐकूं येते. आंतील सांधा झिजल्यास जोर देतांना गाडी डावी-उजवीकडे हेलकावत थरथरते, इंजिनाचा आवाज अखंड असतो, आणि पाय उचलतांच सर्व थांबतें. पत्रकर्त्यांनीं लिहिलें आहे कीं इंजिनाचा दिवा लागलेला नाहीं, व उजव्या चाकाच्या आंतल्या बाजूस काळें ग्रीस पसरलेलें आहे. हा सर्व पुरावा आंतील सांध्याकडेच बोट दाखवितो. प्रथम तेवढाच उघडून पाहावा, डाव्या बाजूचा बूट तपासावा, आणि बाकीची यादी तूर्त घडी करून ठेवावी. घाटाचा बेत मात्र दुरुस्तीनंतरचाच असावा.

ज्यांच्या गाडीचा कंप असा लयबद्ध नसून तुटक असेल, पिकअप पडत असेल, त्यांच्या इंजिनांत मिसिंग आहे. मेस्त्री स्कॅनर लावतात तेव्हां त्यांस आंकडा विचारून टिपून घ्यावा. पी ०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरचें नांव नाहीं; पी ०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. मग दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी. आंकडा ०३०३ झाला तर ती एक कॉइल बदलणें पुरे. आंकडा हलला नाहीं, तर त्याच सिलिंडरचा प्लग, आणि त्यानंतर इंजेक्टर. पावसाळ्यांत प्लगच्या खोबणींत ओल शिरूनही हें होतें. ती पुसून कोरडी केली तरी पुष्कळदां भागतें. डिझेलच्या गाडींत कॉइल व असे प्लग नसतातच. तेथें तेलाच्या फिल्टरापासून आरंभ करावा.

मिसिंगची गाडी ‘चालते आहे तोंवर चालवूं’ म्हणून रेटणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जाऊन जळतें, तो तापून निकामी होतो, आणि कॉइलच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. इंजिनाचा दिवा नुसता लागलेला असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाण्यास बहुधा हरकत नसते. तो लुकलुकूं लागला, तर जोर देणें तत्काळ थांबवावें, गाडी सुरक्षित जागीं बाजूस घ्यावी, आणि पुढें ती ओढूनच न्यावी.