धागा आपला कधी होणार?

स्टार्टअप म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पुण्यातलं ऑफिस, लॅपटॉप, एखादं ॲप. एकदा जालन्याच्या बाजार समितीत चक्कर मारा. तिथे २०१८मध्ये राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इथला शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जायचा. भाव पडला तरी माल परत आणायची सोय नाही, कारण पतंग बाहेर पडला की कोष वाया!

बाजार आला, छान झालं. पण खरा पैसा धाग्यात आहे, असं मला वाटतं. साधारण सहा-सात किलो कोषांतून किलोभर धागा निघतो. शेजारी पैठणला पैठणी विणतात आणि तिचं रेशीम मात्र बहुतेक बंगळूरचं. हे काही पटत नाही बुवा.

इंजिनीअरिंगवाल्यांनो, तुम्हालाही काम आहे. अळीला २५ अंशांच्या आसपास तापमान आणि ७०-८० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शेतकरी शेडला ओली गोणपाटं लावतो. स्वस्त सेन्सर, आपोआप सुरू होणारे फॉगर, हा फायनल इयरचा प्रोजेक्ट का नसावा? दरवर्षी तेच लायब्ररी मॅनेजमेंट कशाला?

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये 'महिको' जालन्यातच उभी केली. १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. म्हणजे इथून होत नाही, असं म्हणायची सोय नाही. सुट्टीत गावी गेलात की एखाद्या संगोपनगृहात तासभर थांबा. आतलं-बाहेरचं तापमान तेवढं वहीत लिहून आणा.