चुलीपाशी कुणी बसावे?

वादविवाद स्पर्धेत समतेवर टाळ्या घेणारे आपण घरी आयत्या ताटावर बसतो! आमच्या बेटेगावात आई बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपवून येते आणि तशीच चुलीकडे वळते. मी घरातला पहिला कॉलेजकुमार. शिकणाऱ्या मुलाला मात्र स्वयंपाक माफ, असा समज. का बरे?

कोंबडीचे साधे कालवण ते काय! पसरट पातेल्यात आधी कांदा लालसर परतावा. टोमॅटो नंतर, कारण आंबटात कांदा लवकर शिजत नाही. मग मीठमसाला, तुकडे, झाकण आणि मंद आच. हाडाजवळ लाली उरली नाही की झाले.

‘पुरुषाने चूल फुंकणे आपली रीत नाही,’ असे म्हणतात. पण टोमॅटो-मिरची तरी आपली कुठे? दोन्ही मूळ अमेरिका खंडातली. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर इकडे आली. जवळच्या वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होतेच. परक्या भाजीला चुलीवर जागा मिळाली, मग घरच्या मुलाला चुलीपाशी का नको?

पदवी मिळेल तेव्हा मिळेल. रविवारची कोंबडी आपण रांधावी आणि पहिले ताट आईला वाढावे. समतेवरचे भाषण त्यानंतर करावे.