कोठाराने राखलेले चॅपेल

इंग्लंडमध्ये एसेक्सच्या किनाऱ्यावर, ब्रॅडवेल-ऑन-सी गावाबाहेर, शेतं संपतात तिथे एक उंच, लांबट दगडी इमारत एकटीच उभी आहे. सेंट पीटरचं हे चॅपेल इ.स. 654च्या सुमारास सेंट सेड या धर्मप्रचारकाने बांधलं. दगड-विटांसाठी त्याला वणवण करावी लागली नाही. ओथोना हा ओस पडलेला रोमन किल्ला तिथेच होता, त्याचाच माल वापरला.

पुढे उपासना थांबली आणि सतराव्या शतकापर्यंत चॅपेलचं शेतावरचं कोठार झालं. गाड्या आत याव्यात म्हणून लांबीच्या दोन्ही भिंतींना मोठाली भगदाडं पाडली गेली. याला कुणी विटंबना म्हणेल. मला ते पटत नाही. कोठार गळकं ठेवून शेतकऱ्याला कसं चालेल? आपल्या गरजेपोटी का होईना, त्याने छप्पर शाबूत ठेवलं. पूर्वेची अर्धगोल बाजू मात्र गेली, पश्चिमेचा द्वारमंडपही गेला. उरला तो मधला कामाचा भाग.

1920मध्ये डागडुजी होऊन इथे पुन्हा प्रार्थना सुरू झाली. भगदाडं बुजवली, पण त्यांच्या कडा भिंतीत आजही स्पष्ट दिसतात. दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या लपवल्या नाहीत, हे मला फार आवडतं. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की आधी ऑइलपेंटचा डबा उघडतो.

हा अंक अशाच, मूळ काम सुटल्यावर दुसऱ्या कामाला लागलेल्या वास्तूंचा आहे. सगळ्याच काही देवळं-चर्चं नाहीत.