चंद्राच्या डोंगराची वाट

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांच्या दुकानांत ‘चाँदेर पाहाड’, म्हणजे ‘चंद्राचा डोंगर’, ही कादंबरी आजही मुलांसाठी आवर्जून विकत घेतली जाते. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ही कृती १९३७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा नायक शंकर हा खेड्यातला तरुण. तागाच्या गिरणीतील नोकरी नशिबी येणार असे दिसत असतानाच, १९०९ साली, तो पूर्व आफ्रिकेतील युगांडा रेल्वेच्या कामावर रुजू होतो. मूळ लेखकाने मात्र आफ्रिकेची भूमी कधीच पाहिली नव्हती. असे असूनही बंगाली घरांतील कित्येक पिढ्यांना त्या खंडाची पहिली ओळख याच पुस्तकाने करून दिली.

आज ज्यांना ते सिंह आणि ती गवताळ मैदाने प्रत्यक्ष पाहावयाची आहेत, ती कुटुंबे केनियाच्या प्रवासाचा बेत आखतात. अशा वाचकांस एक विनंती करावीशी वाटते. प्राणी अवश्य पाहा, परंतु माणसे पाहावयास विसरू नका. त्यांतील काही तर आपल्याच देशातून गेलेल्यांची नातवंडे-पणतवंडे आहेत.

शंकरची रेल्वे काल्पनिक नव्हती. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा हा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,५०० तेथेच मरण पावले आणि सुमारे ६,७०० कायमचे स्थायिक झाले. १८९८ साली त्सावो नदीवरील पुलाचे काम दोन नरभक्षक सिंहांनी बंद पाडले होते. अखेर डिसेंबरात पॅटर्सन या अभियंत्याने त्यांना ठार केले. ते दोन सिंह पेंढा भरून शिकागोच्या संग्रहालयात आजही उभे आहेत आणि त्यांची कथा जगभर वाचली जाते. रोगराईने व अपघातांनी जे मजूर दगावले, त्यांची नावे मात्र फारशी कोणास ठाऊक नाहीत. मोंबासा ते नैरोबी या मार्गावर २०१७ पासून नवी आगगाडी धावते. तीही त्सावोच्या अभयारण्यातून जाते. खिडकीतून हत्ती शोधताना त्या मजुरांचेही क्षणभर स्मरण व्हावे.

त्याच २०१७ साली केनियाच्या शासनाने तेथील भारतीय वंशाच्या लोकांना देशाचा ४४ वा समाज म्हणून मान्यता दिली. हा सहवास तेथील भाषेतही मुरलेला आहे. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास अशा गोष्टींचे विशेष कौतुक वाटते. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’, मोटारीला ‘गारी’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणतात. चपाती तर चपातीच राहिली आहे. ‘सफारी’ म्हणजे शिकार नव्हे, तर केवळ प्रवास. आपला ‘सफर’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. शिकारीस तर केनियात १९७७ पासून बंदीच आहे.

मसाई माराच्या मैदानात साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत विल्डबीस्टांचे प्रचंड कळप टांझानियातील सेरेंगेटीतून उतरतात. ते दृश्य पाहताना एवढे लक्षात असू द्यावे, की ही मैदाने निर्मनुष्य नव्हती. मसाई लोक गुरे चारीत येथील वन्य प्राण्यांच्या शेजारी राहत आले. १९०४ व १९११ च्या करारांनी इंग्रजांनी त्यांना उत्तरेकडील उत्तम कुरणांतून हलविले. आज माराच्या सभोवती कित्येक मसाई कुटुंबे आपली जमीन वन्य प्राण्यांसाठी भाड्याने देतात. अशा ठिकाणी मुक्काम केल्यास आपल्या पैशाचा काही अंश त्यांच्या घरी पोहोचतो. छायाचित्र घेण्यापूर्वी संमती विचारावी. आपल्या अंगणात येऊन कोणी न विचारता आपले छायाचित्र घेतले, तर आपणासही ते रुचणार नाही.

दोन व्यावहारिक सूचना. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी व तिचा दाखला जवळ बाळगावा. परतताना आपल्याच विमानतळावर तो मागितला जातो. तसेच जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी प्रवासाची आगाऊ परवानगी संगणकाद्वारे घेण्याची पद्धत सुरू केली आहे. ते काम घरूनच उरकावे.

ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही, त्यांनी या हिवाळ्यात मुलांना कोलकात्यातील अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात न्यावे. १८७६ साली सुरू झालेल्या या बागेत आफ्रिकेचे जिराफ पाहावयास मिळतात. त्यांच्यासमोर उभे राहून जिराफाची गोष्ट सांगाल, तेव्हा त्याच्या देशातील माणसांचीही थोडी सांगावी.