छत्तीस फोटोंचा हिशेब

ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना डिंगोरे लागते. पावसाळ्यात या वाटेने जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारांना पूर्वी ३६ फोटोंच्या रोलमध्ये सारी सहल बसवावी लागे; म्हणून ते आधी डोळे भरून पाहत, मगच बटण दाबत. १९७५ साली कोडॅकचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा घडवला आणि पुढे ही काटकसर संपली. आता हजारो फोटो हार्ड डिस्कवर पडून असतात. ती बिघडली की घरच्या आठवणीही जातात. तंत्राची जाण असणाऱ्याने निवडक फोटोंची दुसरी प्रत ठेवावी, नाव-गाव-तारीख नोंदवावी. आणि भातखाचरात उभे राहून ज्यांनी फोटो काढू दिला, त्यांच्या हाती एक छापील प्रत द्यावी. छंदाचे ऋण असेच फिटते.