मिस्सेची वेळ आणि मंदिराचे दार

टाळेबंदीच्या काळातील दोन तारखा अनेक श्रद्धावंतांच्या स्मरणात असतील. मार्च २०२० मध्ये बंद झालेली महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याच्या दिवशी, उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. त्या काळात आपण मोबाईलवर मिस्सा पाहिली, घरातील क्रुसासमोर गुडघे टेकले आणि चर्चवरून जाताना बंद दाराकडे पाहून क्रुसाची खूण केली. तेव्हा आपली मागणी एकच होती : आमचे चर्च उघडा.

आज शासनाचा असा कोणताही निर्बंध नाही. तरीही आपल्या परिसरातील काही चर्चची दारे सकाळची मिस्सा आटोपताच बंद होतात, ती थेट सायंकाळी उघडतात. या कुलपाबद्दल मात्र कोणी मागणी करताना दिसत नाही.

गेल्या उपवासकाळात एका धर्मग्रामात भर दुपारी जाण्याचा प्रसंग आला. हातात इस्पितळाची फाईल घेतलेली एक भगिनी पायरीवर चपला काढून बंद दाराला कपाळ टेकवून उभी होती. धर्मगुरुनिवासातील खिळ्याला अडकवलेली चावी आम्ही मागून आणेपर्यंत ती निघून गेली होती. कोणाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. प्रमुख धर्मगुरू म्हणून सेवा करीत असताना आम्हीही असेच कुलूप लावीत होतो आणि त्यात आम्हाला काही वावगे वाटत नव्हते.

आपण मंदिराची ओळख वेळापत्रकावरून करून देऊ लागलो आहोत. ‘तुमच्याकडे मिस्सा किती वाजता?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. वास्तविक या वेळापत्रकाचा इतिहास उदारतेचा आहे. १९१७ च्या धर्मविधानानुसार सर्वसाधारणपणे दुपारी एकनंतर मिस्सा सुरू करता येत नसे आणि ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याला मध्यरात्रीपासून उपवास करावा लागे. कारखान्यांतील पाळ्यांमुळे कामगारांची होणारी अडचण ओळखून पोप पायस बारावे यांनी १९५३ साली सायंकाळच्या मिस्सेची वाट मोकळी केली व उपवासाचे नियम सौम्य केले. पुढे १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आणि १९६४ मध्ये एका तासावर आला. १९८३ च्या धर्मविधानाने तर आदल्या सायंकाळच्या मिस्सेलाही रविवारच्या कर्तव्यपूर्तीची मान्यता दिली. पहाटेची विरार लोकल पकडणारा कामगार किंवा रात्रपाळी करणारी परिचारिका आज जी मिस्सा गाठू शकते, ती ख्रिस्तसभेने माणसासाठी घड्याळाचे काटे मागेपुढे केले म्हणून.

माणसाला आत येता यावे म्हणून जे वेळापत्रक आखले गेले, तेच आता मंदिराची सीमा होऊन बसले आहे. त्याच धर्मविधानाचे ९३७ वे कलम सांगते की, जेथे ख्रिस्तशरीर ठेवलेले असते ते चर्च, गंभीर कारण नसल्यास, श्रद्धावंतांना प्रार्थना करता यावी म्हणून दररोज निदान काही तास उघडे असावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘इव्हांजेली गाउदियुम’ या आपल्या पत्रात देवाच्या शोधात आलेल्याला बंद दार दिसू नये, असे आवर्जून लिहिले होते.

ख्रिस्तसभा म्हणजे भिंती नव्हेत, हे खरेच आहे. सीरियातील दुरा-युरोपोस येथे सापडलेले तिसऱ्या शतकातील प्रार्थनास्थळ मुळात एक साधे राहते घर होते. आपल्याकडे १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकल्यानंतर आतील फ्रान्सिस्कन, जेज्वीट व डॉमिनिकन संघांची भव्य मंदिरे ओस पडली. आज तेथे छपराविना भिंती उभ्या आहेत. श्रद्धा मात्र किल्ल्याबाहेरच्या गावांत, वाड्यांत व शेतामळ्यांत जिवंत राहिली. परंतु यावरून इमारतीला अर्थ नाही असे ठरत नाही. तिला अर्थ येतो तो तिच्यात येणाऱ्या माणसांमुळे. दुपारच्या कुलपामागे ख्रिस्त असतो, पण ज्याच्यासाठी तो तेथे आहे, तो माणूस पायरीवरूनच परत जातो.

दानपेट्या फोडल्या जातात, पुतळ्यांची विटंबना होते, राखण करायला माणूस नसतो, या अडचणी खोट्या नाहीत. त्यांवर उपायही आहेत. मुख्य दाराऐवजी एक बाजूचे दार उघडे ठेवता येईल. मौल्यवान वस्तू कुलपात राहाव्यात आणि दानपेटी रोज रिकामी करावी. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आठवड्यातील एक दुपार स्वीकारावी. निवृत्त झालेल्या दोघांनी तासभर आत बसून रोझरी केली, तर राखणही होईल आणि प्रार्थनाही. एवढेही न जमल्यास चावी कोणाकडे मिळेल, हे दारावर ठळक अक्षरांत लिहिण्यास काहीच खर्च नाही.

धर्मग्राम पालकीय मंडळांच्या बैठकांत रंगकाम, ध्वनियंत्रणा व वाहनतळ यांवर तासन्‌तास चर्चा होते. पुढील बैठकीत या विषयासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत, अशी सर्व प्रमुख धर्मगुरूंना व सभासदांना आमची नम्र विनंती आहे. मिस्सेच्या वेळांच्या फलकावर ‘चर्च दुपारी प्रार्थनेसाठी उघडे आहे’ एवढी एक ओळ वाढली, तरी इस्पितळातून परतणाऱ्या त्या भगिनीसारख्या कित्येकांना टेकायला दार नव्हे, बाक मिळेल.